अय्यूबचाचांचा कान

भिवंडीच्या निजामपुऱ्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी अय्यूबचाचांच्या ओट्यावर चहा व्हायचा. "चाचा, जरा कान लावून देता का?" एवढं म्हटलं की चाचा उठलेच. डोक्यावर टोपी, खिशात टॉर्च, आणि चालण्यात असा रुबाब की नाडी बघायला हकीमच निघालेत. नसीबाचाची आतून ओरडायच्या, "अहो, जेवून तरी जा!" पण चाचा तोवर गल्लीच्या तोंडाशी पोचलेले असायचे.

गाडीपाशी गेल्यावर चाचा फार काही करत नसत. बॉनेट उघडायला लावायचे, इंजिन चालू करायला सांगायचे, आणि मान जराशी तिरकी करून, डोळे मिटून तळहात त्या थरथरत्या पत्र्यावर ठेवायचे. भोवतालची माणसं आपोआप गप्प व्हायची. मग चाचा डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "एक सिलिंडर लंगडतोय." गॅरेजवाल्याने उघडून बघावं तर खरंच तसं निघायचं. लोक म्हणायचे, कान असावा तर अय्यूबचाचांसारखा.

आता खरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती पोटात ठेवून पुढचं सांगताच यायचं नाही. अय्यूबचाचांना ऐकू येत नव्हतं. थोडंथोडकं नाही, जवळजवळ काहीच. मिसरूड फुटायच्या आधीपासून बापाच्या लूमखात्यात, कापड विणणाऱ्या यंत्रमागांपुढे, उभं राहिलेलं पोर. लूमच्या त्या खटखटाटात जे उभे राहतात त्यांचे कान हळूहळू जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत. चाचा जे काही ओळखायचे ते तळहाताने. त्यांच्या हाताला लूमची प्रत्येक थरथर ठाऊक होती, आणि इंजिन म्हणजे तरी दुसरं काय!

मग ही गोष्ट कुणाला कळली कशी नाही? अहो, भिवंडीत सगळेच ओरडून बोलतात. लूमवाल्यांच्या गावात हळू बोलणाऱ्या माणसाला लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना? त्यातून चाचा ओठ वाचण्यात तरबेज. खात्यात तर बोलणं असं नसायचंच, सगळा कारभार हाताने. दोन्ही हातांच्या चिमटी जोडून फाडकन लांब केल्या की धागा तुटला. तळहात पालथा करून खाली दाबला की लूम बंद कर. मिशीला पीळ दिला की शेठ आला.

घरात नसीबाचाचींना मात्र सगळं ठाऊक होतं. त्या तोंडावर सांगायच्या, "कान गेलेत तुमचे. एकदा कबूल करा, म्हणजे माझा घसा तरी वाचेल." मुलगी जोया त्यांना धरूनबांधून ठाण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, कानाचं मशीनही आणलं. चाचांनी ते अत्तराच्या बाटल्यांशेजारी कपाटात ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. त्यांचंही एका परीने खरं होतं. लूम भंगारात गेले, खात्याच्या जागेत कुरिअरचं गोदाम आलं, अय्यूबशेठचे नुसते चाचा झाले. आता ओट्यावर माणूस येतो तो ह्या कानासाठी. कानाला मशीन दिसलं तर कोण येणार?

ह्या चाचांचा जन्माचा दोस्त म्हणजे धाकल्या. अकलोलीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्याचा पाडा. जवान असताना भिवंडीत आला आणि चाचांच्या बापाच्या खात्यात कामाला लागला. शेठचा मुलगा आणि पाड्यावरचा गडी समोरासमोरच्या लूमवर उभे राहिले आणि हातांनीच एकमेकांना शिव्या द्यायला शिकले. लूम विकले त्या दिवशी धाकल्या भंगाराच्या ट्रकमागे नाक्यापर्यंत चालत गेला होता. मग तो पाड्यावर परतला, भात लावू लागला. पण ईदेला तो यायचा आणि त्याच्याकडे काही कार्य असलं की चाचा जायचे, हे कधी चुकलं नाही.

धाकल्या बोलायला भारी आळशी. कुणी काही विचारलं की हा नुसता बायकोकडे बघायचा, आणि मंगळीच उत्तर द्यायची. चाचा तिला चिडवायचे, "वहिनी, ह्याची जीभ तुझ्याकडे गहाण आहे काय?" मंगळी पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "मंग काय, भाई. तो कामाचा, मी बोलायची."

त्या मंगळीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा भिवंडीला आणून रक्त धुवायचं, डायलिसिस म्हणतात ते. जाताना एसटीने कसंबसं जमायचं, पण येताना तिच्या अंगात उभं राहायचं त्राण नसायचं. अंबाडीच्या रस्त्यावरचे खड्डे रिक्षात तर विचारूच नका. एकदा ती अर्ध्या वाटेत उतरून रस्त्याच्या कडेला आडवी झाली आणि म्हणाली, "आता न्हाय जायाची मी. हितंच ऱ्हाऊ दे." तिचा मुलगा भावेश पडघ्याला गोदामात ड्युटी करायचा. त्याने त्या रात्रीच ठरवलं, आईसाठी गाडी घ्यायची. रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी आईला न्यायला मोकळा.

भावेशनेच फोनमध्ये वाचून काढलं की छोटी गाडी घ्यावी आणि ती हायब्रिड असावी. पूर्ण बॅटरीवर चालणारी नव्हे, थोडीशी. सिग्नलला आपली आपण बंद होते, क्लच दाबला की बिनआवाजाची पुन्हा चालू होते, पेट्रोल वाचतं. नवी परवडणारी नव्हती. तो बापाला म्हणाला, "बाबा, गाडी बघायच्या दिवशी आईची डायलिसिसची पाळी आहे, मी तिच्यासंगं आहे. तू अय्यूबचाचांना घेऊन जा. त्यांनी कान लावला की मला बघायची पण गरज न्हाय."

धाकल्याने ओट्यावर येऊन निरोप दिला तेव्हा चाचांची छाती फुगली. मंगळीची गाडी! ती आपणच निवडणार, आणखी कोण?

राजनोली नाक्याजवळ अफनानचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. पोरगा तसा सरळ. दोष फक्त एक, तोंडात सदा तंबाखूच्या माव्याचा तोबरा. त्यामुळे बोलताना हनुवटी वर आणि ओठ आवळलेले. ह्या पोराचे ओठ वाचणं म्हणजे चाचांना मोठं संकट होतं, पण तसं ते कुणाला म्हणणार?

पहिली गाडी पांढरी. अफनानने चक्कर मारायला नेली. चाचा पुढे बसले, तळहात डॅशबोर्डवर, धाकल्या मागे. नाक्यावर सिग्नल लागला आणि हाताखालची थरथर एकदम मेली. "बंद पडली!" असं ते ओरडले तेवढ्यात सिग्नल सुटला आणि गाडी काही न झाल्यासारखी निघाली. अफनानने हसून हातवारे करून समजावलं, की ही अशीच असते, थांबली की झोपते. चाचांनी मान डोलावली, पण मनाला पटलं नाही. ज्याने उभा जन्म लूम चालू ठेवण्यात घालवला त्याला थांबलेल्या मशीनची धास्तीच. खात्यात एक लूम गप्प झाला तरी त्यांचा बाप जेवत्या ताटावरून उठायचा.

आवारात परतल्यावर चाचांनी पुढच्या सीटखाली हात घातला, गालिचा उचकटला, आणि बोटावर काहीतरी घेऊन नाकाशी नेलं. गाळ. मऊ, पिठासारखा वाळलेला. सीटच्या पट्ट्यांना आतून गंजही चढलेला. "कामवारी नदीचं पाणी प्यायलीये ही," चाचा म्हणाले. अफनानने कान पकडले, "चाचा, मान गये. मला पण सांगितलं नव्हतं हो विकणाऱ्याने." ह्या गाड्यांची ती छोटी बॅटरी नेमकी पुढच्या सीटखाली असते, पुरात भिजलेली गाडी म्हणजे विकतचं दुखणं. धाकल्या दोस्ताकडे अशा कौतुकाने बघत होता की चाचा वयाने लहान झाल्यासारखे ताठ उभे राहिले.

इथेच गडबड झाली. एक चोर पकडला की माणसाला वाटतं आपल्याला सगळंच दिसतं.

दुसरी गाडी निळी. आतून कोरडी, दारांचे रबर जागच्या जागी, टायर झिजलेले पण एकसारखे, तेलाच्या झाकणाखाली चिकटा नाही, धूर नाही. चाचांनी सगळं नीट बघितलं, त्यात काही म्हणजे काही कसूर केली नाही. मग चक्कर. नाक्यावर सिग्नल लागला आणि ही निळी बंद पडली नाही. हाताखाली थरथर चालूच राहिली. चाचा खूश. मागे वळून त्यांनी धाकल्याला खूण केली, लूम चालू आहे, छान. धाकल्याने मान हलवली.

खरं म्हणजे ती बंद पडायला हवी होती. सिग्नलला जी हायब्रिड झोपत नाही तिची बॅटरी तरी थकलेली असते, नाहीतर तिला जागं करणारी मोटर तरी. पण हे लूमवाल्याला कोणी आणि कसं सांगावं?

परत आल्यावर बॉनेट उघडलं. इंजिन चालू होतं आणि बेल्ट किंचाळत होता. किंचाळत म्हणजे कसा, तर पलीकडच्या टपरीवरचा चहावाला किटली हातात धरून वळून बघायला लागला. चाचांना वाटलं, आपल्याकडेच बघतोय, ओळखलेलं दिसतंय. त्यांनी त्याला सलाम केला आणि तळहात पत्र्यावर ठेवून डोळे मिटले. थरथर एकसारखी होती. कुठे लंगडणं नाही, धक्का नाही. डोळे उघडले तर अफनान बॉनेटमध्ये डोकं घालून, तोबरा सांभाळत, एका बोटाने काहीतरी दाखवत लांबलचक बोलत होता. त्याचा चेहराच दिसत नव्हता. चाचांनी धाकल्याकडे बघितलं. धाकल्या गंभीरपणे मान हलवत होता. म्हणजे ह्याला पटतंय, आणि ह्याला पटतंय म्हणजे वेगळं काही नसणार. चाचांनीही मान हलवली. "ठीक आहे, चालेल," ते म्हणाले. अफनानने पुन्हा काहीतरी विचारलं, ह्यांनी पुन्हा हलवली. सौदा झाला.

मंगळी पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा तिने दाराला हळद-कुंकू लावलं आणि चाचांच्या ओट्यासमोर गाडी थांबवायला लावली. "भाई, पाठ टेकता येते हो हिच्यात," ती काच खाली करून म्हणाली. चाचांना तिचे ओठ नेहमीच स्वच्छ वाचता यायचे. "झोपूनशान जाते न् झोपूनशान येते." त्या दिवशी चाचा दोन घास जास्त जेवले.

थंडी पडली होती. भावेश एकदा आईला दवाखान्यात सोडून ओट्यावर आला. पोरगा शहाणा, चाचांच्या समोर बसून बोलला. "चाचा, गाडी सकाळी लय ओरडते. बेल्टचा आवाज हाय. तुम्ही ऐकला व्हता ना घेताना?"

बघा, इथे अजून सगळं हातात होतं. "नाही रे, मला ऐकू येत नाही," एवढं म्हटलं असतं तर पोरगा त्याच पावली गॅरेजला गेला असता. नसीबाचाची दारात उभ्या होत्या, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत. चाचांच्या कानशिलावर रक्त चढलं. "ऐकला म्हणजे? ऐकला ना," ते म्हणाले. "थंडीत रबर आखडतं. ऊन तापलं की जाईल आपोआप."

"मंग उघडून दाखवू नको?"

"कशाला? मी कान लावलाय ना."

भावेशच्या चेहऱ्यावरची काळजी गेली आणि तो चहा पिऊन निघून गेला. नसीबाचाचींनी कप उचलले आणि आत जाऊन ते जोराने आपटले. तेवढं मात्र चाचांना जमिनीतून कळलं.

होळी झाली आणि ऊन तापलं. आवाजही गेला बरं का! बेल्ट एवढा झिजला होता की आता ओरडतही नव्हता. भावेशला वाटलं, चाचा म्हणाले तसंच झालं.

एका सकाळी दुगाड फाट्याच्या अलीकडे गाडीत फट्कन आवाज झाला आणि काचेसमोर लाल दिवे लागले. बेल्ट तुटला होता. काही गाड्यांत बेल्ट गेला तरी गाडी थोडं अंतर तशीच जाते, पण इथे सगळं त्या एकाच बेल्टवर, चार्जिंगही आणि इंजिनला गार ठेवणारा पाण्याचा पंपही. भावेशने तशीच रेटायला बघितली तर बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी जागीच बसली. मागच्या सीटवर आई, डोक्यावर ऊन, आणि सकाळच्या त्या वेळी त्या रस्त्याला दगडांचे डंपर सोडून कुणी नाही. डंपर थांबत नाहीत. शेवटी भाजीचा एक टेम्पो थांबला. मंगळीला मेथीच्या जुड्यांवर निजवून आणलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिची पाळी दुसऱ्याला दिलेली होती. उद्या या, म्हणाले. त्या रात्रीत तिच्या छातीत पाणी भरलं.

ती त्या रात्री गेली नाही. दवाखान्यात राहिली, थोडी सावरली, पुन्हा खचली. आणि घरी आल्यावर म्हणाली, "आता मला कुठं नेऊ नका." भावेशने पाया पडून विनवलं, मुलगी रोशनी सासरहून येऊन रडली. मंगळीने ऐकलं नाही. तिला आता कुठल्याच गाडीचा भरवसा उरला नव्हता. चैत्र संपता संपता ती गेली.

बेल्ट तुटल्याचं कळलं त्याच दिवशी चाचा तणतणत राजनोलीला गेले होते. आवाराच्या फाटकातूनच त्यांनी अफनानला घेतला फैलावर. आजारी बाईची गाडी आहे सांगितलं होतं ना? खुदाला काय तोंड दाखवशील? गिऱ्हाइकं बघायला लागली. अफनान पुरता गोंधळला. त्याने बाजूला जाऊन तोबरा थुंकला, तोंड धुतलं, आणि समोर येऊन उभा राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा चाचांना त्या पोराचे ओठ नीट दिसले.

"चाचा, मी सांगितलं होतं तुम्हाला. बेल्ट ओरडतोय, आधी बदला. ह्याच्यावरच सगळं आहे, तुटला तर रस्त्यात बसवेल. सिग्नलला बंद होत नाही, बॅटरी तपासून घ्या, म्हणून तर एवढी स्वस्त देतोय. तुम्हाला विचारलं, आजारी माणसाला चालेल ना? तुम्ही दोघांनी मान हलवली. तुम्ही म्हणालात, चालेल."

"मी?"

"तुम्ही आणि धाकल्याकाका. दोघं."

चाचा कसे परत आले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण वाटेत, भर उन्हात चालताना, त्यांच्या मनाला एक जागा सापडली आणि ते तिथे जाऊन बसले. धाकल्याने ऐकलं होतं! तो माझ्या शेजारी उभा होता, त्याने सगळं ऐकलं आणि मला शब्दाने बोलला नाही. बायको त्याची, गाडी त्याची, मग तोंडाला कुलूप का घातलं त्याने? जन्माचा आळशी. माझे कान गेले, कबूल, पण त्याचे तर होते ना?

हा राग वाईट होता, पण चाचांना त्याची गरज होती. मंगळी दवाखान्यात असताना ते रोज डबा घेऊन जायचे, धाकल्याच्या शेजारी बाकावर बसायचे, आणि मनात ह्याच रागाचा आधार घ्यायचे. नसीबाचाचींना एकदा ते म्हणाले, "त्याने ऐकलं होतं." चाचींनी नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आणि भावेशने विचारलं तेव्हा? तेव्हा काय धाकल्या उत्तर देत होता?" चाचांनी ओठ वाचले नसल्यासारखं केलं.

मंगळीच्या दिवसांना चाचा पाड्यावर गेले. अंबाडीपर्यंत एसटी, तिथून भावेशने गाडीने नेलं. तीच निळी गाडी. नवा बेल्ट, नवी बॅटरी, आता ती प्रत्येक फाट्यावर गप्प झोपायची आणि गुपचूप उठायची. "आता बरोबर चालते, चाचा," भावेश म्हणाला, पण रस्त्याकडे बघत म्हणाला, म्हणून चाचांना ते कळलंच नाही.

अंगणात मांडवाखाली माणसं बसली होती. धाकल्या खांबाला टेकून बसला होता, आणि लोक त्याच्याशी बोलत होते, आणि तो नुसता बघत होता. सवयीने त्याची मान उजवीकडे वळायची, जिथे मंगळी बसायची तिथे. तिथे कुणी नसायचं. मग तो मान हलवायचा. कुणीतरी विचारलं, तांदूळ किती शिजवायचा? धाकल्याने मान हलवली. पाणी कुठून आणायचं? धाकल्याने मान हलवली. मागून भावेशने तीनदा हाक मारली, "बाबा! बाबा, आयकतोस का?" आणि धाकल्याच्या पाठीवर एक शीरही हलली नाही.

चाचांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

रोशनी जवळ आली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती चाचांच्या समोर बसून बोलली. "आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, चाचा. बाबाला आयकू येतच न्हाय. आई व्हती तवर कळलंच न्हाय. ती त्याच्या बाजूला बसून हळूच बोटांनी सांगायची सारं. लूमवरची ती तुमची खुणांची भाषा, ती तिनं शिकून घेतलेली. आम्हाला वाटायचं बाबा अबोल हाय."

चाचांच्या मनातली ती जागा कोसळली. इतके दिवस ज्याच्या माथी मारून झोपत होते, त्याच्या माथी काहीच नव्हतं. तो बिचारा आपल्याकडे बघून मान हलवत होता. आणि आपण त्याच्याकडे बघून.

ते उठून धाकल्याशेजारी जाऊन बसले. धाकल्याने त्यांचा हात धरला. मग धाकल्याने तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि म्हणाला, "अय्यूबभाई, येक इचारू? त्या दिशी तो गाडीवाला पोरगा वाकून काय सांगत व्हता रं? मला न्हाय आयकू आलं. पर तू मान हलवलीस, मी म्हनलं, भाईनं आयकलंय, मंग झालं."

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, शंकाही नव्हती. अजूनही त्याला वाटत होतं की दोस्ताला माहीत असेल. चाचांना वाटलं, हा मला दोन शिव्या देईल तर बरं. काहीतरी सांगून टाकावं, गाडीच्या रंगाचं बोलत होता, कागदांचं बोलत होता. घशाशी आलं होतं तसलं उत्तर. सवय होती ना.

मग त्यांनी उजव्या हाताचं बोट स्वतःच्या कानाला लावलं. दोन्ही चिमटी जोडल्या, आणि लांब केल्या. धागा तुटला.

धाकल्या बघत राहिला. त्याने चाचांच्या कानाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, पुन्हा कानाकडे. त्याला कळलं. त्या दिवशी आवारात आपण दोघं होतो आणि ऐकणारं कुणीच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलेलं चाचांना दिसलं. चाचा पुढे काहीतरी सांगणार होते, भावेशने विचारलं तेव्हा आपण काय म्हणालो ते. त्यांचे हात तसे उचललेही गेले. पण धाकल्याने तळहात पालथा केला आणि खाली दाबला. लूम बंद कर.

चाचांचे हात मांडीवर परत आले. ते रडले, आवाज करून रडले असणार, कारण मांडवातली माणसं वळून बघायला लागली.

ऊन कलल्यावर भावेशने गाडी अंगणाच्या तोंडाशी आणली, चाचांना अंबाडीला सोडायला. त्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग दाबूनच धरला, पाड्यावरच्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या, पोरांनी कानांवर हात ठेवले. खांबाला टेकून बसलेले दोघं म्हातारे समोरच्या डोंगराकडे बघत होते. शेवटी रोशनीच आली आणि तिने दोघांच्या खांद्यांना हात लावला.